शिरांचा डॉक्टर

डोळ्यांच्या, हाडांच्या किंवा हृदयाच्या डॉक्टराला आपली ओळख करून देतांना कधीं अडखळावें लागत नाहीं. मला मात्र गेलीं तीस वर्षें लग्नाच्या पंक्तींत, आगगाडीच्या डब्यांत आणि बँकेच्या रांगेंत ‘आपण कशाचे डॉक्टर?’ या साध्या प्रश्नाचें धड उत्तर देतां आलेलें नाहीं. ‘न्यूरॉलॉजिस्ट’ म्हणावें, तर निम्मे लोक मूतखड्याची चौकशी करूं लागतात. ‘मज्जासंस्थेंतील विद्युत्‌व्यापारांची परीक्षा करतों’ असें शुद्ध मराठींत सांगावें, तर ऐकणारा वायरमनकडे पाहावें तसा माझ्याकडे पाहतो. शेवटीं इचलकरंजींतल्या माझ्या एका मावशीनें हा प्रश्न परस्पर सोडविला. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगूं लागली, ‘आमचा हा शिरांचा डॉक्टर.’ मराठींत रक्तवाहिनीलाहि शीर म्हणतात, मज्जातंतूलाहि शीर म्हणतात, आणि पोटरीचा स्नायु आखडला तर शिरेवर शीर चढली असें म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीनें हा सगळा गोंधळ आहे. पण तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दांत गुंडाळणाऱ्या या भाषेनेंच मला माझें नांव दिलें आहे, तेव्हां तिला नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं.

क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी हें या शाखेचें पोथींतलें नांव. तिचें काम दोन प्रकारचें आहे. डोक्याच्या कातडीवर धातूच्या वीस-एकवीस टिकल्या चिकटवून मेंदूंतील विद्युत्‌लहरींचा आलेख काढावयाचा, हें एक. हातापायांच्या मज्जातंतूंना विजेचा लहानसा चिमटा देऊन त्यांतून संदेश किती वेगानें धांवतो तें मोजावयाचें, आणि स्नायूंत बारीक सुई घालून तेथील विजेचा आवाज ऐकावयाचा, हें दुसरें. रोग्याच्या मनांत दोहोंविषयीं भीति सारखीच. मेंदूचा आलेख काढतांना आम्ही वीज देत नाहीं, मेंदूचीच वीज घेतों, हें सांगून सांगून माझी जीभ झिजली आहे. आणि ती वीज तरी केवढी? हृदयाचा आलेख एका व्होल्टाच्या सहस्रांशाच्या घरांतला. मेंदूची जी लहर कवटी ओलांडून कातडीपर्यंत पोंचते, ती त्याच्याहि विसाव्या-पन्नासाव्या हिश्शाची. एवढीशी ती कुजबूज, आणि भोंवतीं २३० व्होल्टांची वीज खेळविणाऱ्या भिंती, पंखे आणि दिवे! त्या कल्लोळांतून ती कुजबूज निराळी काढणें ही या विद्येची पहिली पायरी होय. आणि माझ्या मतें शेवटचीहि तीच.

कल्लोळांत ऐकण्याचें शिक्षण मला वैद्यकीच्या पुष्कळ आधीं मिळालें होतें, असें आतां वाटतें. १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग बसविला. माझ्या लहानपणापर्यंत त्या एका मागाचें इतकें गोत वाढलें होतें कीं, गांवांत शांतता अशी कोठें उरलीच नव्हती. आमच्या घराची मागील भिंत आणि मागांच्या शेडची भिंत एकच होती. वीज गेली आणि खडखडाट थांबला कीं घरांतलीं झोंपलेलीं मुलें दचकून जागीं होत. त्या शेडचा जॉबर दारांत उभा राहून बिडी ओढीत असे. मध्येंच तो मान तिरकी करी, बिडी टाकी आणि दहा-बारा मागांच्या गर्दींतून नेमका एका मागापाशीं जाऊन उभा राही. तेथें धोटा अडखळूं लागलेला असे. धागा तुटण्याच्या आधीं तो तेथें पोंचलेला असे, हें मीं कितीदां तरी पाहिलें आहे.

याच गांवीं जहागिरदारांच्या आश्रयानें बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहत. ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोश्यांपाशीं घेतलेली गायकी त्यांनीं इकडे आणली, आणि विष्णु दिगंबर पलुसकरांसारखे शिष्य तयार केले. मी गवयी नव्हे आणि गवयाच्या घरचाहि नव्हे. पण एकच सूर शेंकडों वेळां लावून घेणारा गुरु आणि धोट्याची चाल ओळखणारा जॉबर यांच्या विद्येंत जात एकच आहे, हें मला पुढें मुंबईंत एका अंधाऱ्या खोलींत, कानाशीं ध्वनिक्षेपक घेऊन बसलों असतांना कळलें.

मधलीं वर्षें मात्र लांब होतीं. मिरजेचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचें. तेथें साडेचार वर्षें आणि वर अनुभवाचें एक. मग औषधशास्त्राची एम. डी. तीन वर्षें, आणि त्यानंतर मज्जारोगांची डी. एम. आणखी तीन. प्रवेशपरीक्षांत गेलेलीं वर्षें यांत धरलेलीं नाहींत. तीं आईवडिलांच्या आयुष्यांतून वजा झालीं असें समजावें. मिरजेच्या दिवसांतलें माझ्या मनांत जें राहिलें आहे तें शवविच्छेदनाच्या दालनापेक्षां तंतुवाद्यांच्या गल्लींतलें. तेथील कारागीर तंबोऱ्याच्या तारेखालीं सुताचा एक धागा सरकवीत आणि केसाएवढ्या फरकानें बंद असलेला सूर उघडत. मी ती जवारी पाहत तासन्‌तास उभा राहत असें. परीक्षेला याचा काडीचा उपयोग नव्हता.

मुंबईंत ही विद्या ज्यांनीं रुजविली त्यांत नोशिर वाडिया यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. लंडनला शिकून ते १९५७ सालीं परतले आणि जे. जे. रुग्णालयांत मज्जारोगांचें काम त्यांनीं उभें केलें. १९७१ सालीं मुंबईंत डोळे येण्याची मोठी सांथ आली. डोळे बरे होत. पण थोड्या रोग्यांचे हातपाय पुढें कांहीं आठवड्यांनीं एकाएकीं लुळे पडूं लागले. या दोन गोष्टींची सांगड वाडियांनीं घातली, आणि एका विषाणूचें मज्जासंस्थेवरील कृत्य जगापुढें आलें. ही सांगड कोणत्याहि यंत्रानें घातली नसती. लुळ्या पायाच्या माणसाला ‘मागच्या महिन्यांत डोळे आले होते काय?’ असें विचारावयास यंत्राला सुचत नाहीं. वाडियांच्याहि आधीं, १९४९ मध्यें, जेकब चंडी यांनीं मॉंट्रियलला शिकून येऊन वेल्लोरला मज्जाशल्याचा विभाग सुरू केला होता. आणि १९५१ सालीं मद्रासेंत न्यूरॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तेव्हां संस्थापक अवघे चार होते. माझ्या पिढीला हे सारे मिथ्यकथेंतल्या ऋषींसारखे वाटत. पण त्यांच्या हातचे शिकलेले लोक आम्हांला शिकवीत होते, आणि ऋषींचा राग त्यांच्यांत पुरेपूर उतरला होता.

माझ्या एका शिक्षकांचा नियम असा होता कीं, रोग्याची हकीकत स्वतः ऐकल्याशिवाय व त्याला स्वतः तपासल्याशिवाय विद्यार्थ्यानें आलेखाकडे पाहावयाचें नाहीं. कागदांची गुंडाळी ते स्वतःच्या मांडीखालीं घेऊन बसत. ‘उत्तर आधीं पाहून गणित सोडवितां?’ असें ते विचारीत. त्यांचा दुसरा नियम अधिक कडक होता. पहिला विजेचा चिमटा विद्यार्थ्यानें स्वतःच्या मनगटाला द्यावयाचा, आणि पहिली सुई स्वतःच्या दंडांत घालावयाची. पहिले सहा महिने आम्हीं एकमेकांचे निरोगी हात मोजण्यांतच घालविले. रोगी बाहेर खोळंबले असतांना हीं निरोगी माणसें मोजून काय मिळणार, असें तेव्हां सर्वांना वाटे. पण जो निकोप हाताच्या शंभर तऱ्हा ओळखीत नाहीं, त्याला प्रत्येक हात आजारी दिसतो.

माझ्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या तंतूचा वेग सेकंदाला ५२ मीटर निघाला. ऐकावयास तो मोठा वाटतो. पण या वेगानें निघालेला संदेश कोल्हापुराहून इचलकरंजीस, म्हणजे सुमारें ३० किलोमीटरांवर, पोंचावयास जवळजवळ दहा मिनिटें लागतील. तारेंतली वीज तेवढ्यांत चंद्राला जाऊन येईल. मज्जातंतूंतील संदेशाची गति कधीं मोजतां येईल हेंच एके काळीं असंभाव्य वाटत होतें. जर्मनींतील योहानेस म्यूलरसारख्या श्रेष्ठ शास्त्रज्ञाचें तसें मत होतें. त्याच्याच शिष्यानें, हेल्महोल्ट्झनें, १८५० सालीं बेडकाच्या पायावर ती मोजून दाखविली. आणि ती इतकी मंद निघाली कीं, त्याच्या वडिलांना तें पटेना. इच्छा आणि कृति यांच्यामध्यें मोजण्याजोगा अवकाश आहे, ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटली असावी.

हात गार असला तर हा वेग आणखी कमी भरतो. एका अंश तपमानाला सेकंदाला सुमारें दोन मीटर. हिंवाळ्यांत मोटारसायकलवरून आलेल्या मनुष्याचा हात तसाच मोजला, तर धडधाकट माणूस मज्जारोगी ठरेल. म्हणून आमच्याकडे आधीं कोंबट पाण्याचें भांडें पुढें येतें, मग यंत्र. पाहुण्याला हातपाय धुवावयास पाणी देतात तसें हें दिसतें, आणि खेड्यांतून आलेलीं माणसें त्यामुळें जरा सैलावतात. जाहिरातींत न दिसणारा या शास्त्राचा हा एक फायदा.

कधीं कधीं मला वाटतें कीं, आलेख काढणाऱ्याच्या कपाळींच अप्रसिद्धि लिहिलेली आहे. हातापायांतलें बळ थोड्या दिवसांत ओसरून जाणारा एक आजार १९१६ सालीं तीन फ्रेंच डॉक्टरांनीं वर्णिला. गीयाँ, बारे आणि स्ट्रोल हे ते तिघे. आज सगळें जग त्याला पहिल्या दोघांच्या नांवानें ओळखतें. गळालेला तिसरा होता, तो आलेख काढणारा!

मेंदूच्या आलेखाचा जनक हान्स बर्गर. जर्मनींतील येना गांवीं १९२४ सालीं त्यानें माणसाच्या मेंदूची लहर पहिल्यानें टिपली, आणि पांच वर्षें ती उलटसुलट तपासून १९२९ मध्यें प्रसिद्ध केली. तरुणपणीं लष्करांत असतांना तो घोड्यावरून पडून मरतां मरतां वांचला, आणि त्याच दिवशीं दूरच्या गांवीं त्याच्या बहिणीला अस्वस्थ वाटून तिनें वडिलांकडून तार करविली. एका मनांतून दुसऱ्या मनांत जाणारी ती शक्ति शोधावी म्हणून तो या मार्गाला लागला. ती शक्ति त्याला सांपडली नाहीं. सांपडली ती डोळे मिटतांच उमटणारी आणि उघडतांच विरणारी, सेकंदाला आठ ते तेरा हेलकाव्यांची संथ लहर. त्यानें आपल्या मुलाच्या डोक्यावरहि प्रयोग केले. लोकांनीं हें सारें यंत्राच्या चुकींत जमा धरलें. पुढें १९३४ मध्यें केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनीं पडताळा घेतला, तेव्हां जगाचा विश्वास बसला.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांपडतो. १९३३ सालीं नाझी सरकारनें एक कायदा केला. त्यांत ज्यांचे वंश पुढें चालूं द्यावयाचे नाहींत अशा रोग्यांची यादी होती, आणि आनुवंशिक अपस्मार त्या यादींत होता. अशा रोग्यांची सक्तीनें नसबंदी करावी कीं नाहीं याचा निवाडा करणारीं न्यायासनें नेमलीं गेलीं. त्यांवर बर्गरनेंहि काम केलें होतें असें अलीकडच्या संशोधनानें दाखविलें आहे. ज्या माणसानें अपस्माराची लहर पाहण्याचा डोळा जगाला दिला, त्यानेंच तशा माणसांवरील निकालांत भाग घ्यावा! १९४१ मध्यें त्यानें आत्महत्या केली. त्याच्या मनांत काय होतें हें मला माहीत नाहीं. पण आलेखाखालीं सही करतांना मला बर्गर आठवतो. कागदावरची रेघ आणि माणसावरचा निकाल यांच्यामध्यें फारसें अंतर नसतें, हें त्याच्या चरित्राइतकें दुसऱ्या कशानें मला शिकविलें नाहीं.

रेघेचा उपकारहि थोडा नाहीं, हें सांगितलें पाहिजे. वर्गांत मध्येंच टक लावून बसणारीं, विचारलें असतां गप्प राहणारीं, आणि त्यासाठीं पट्टी खाणारीं मुलें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. त्यांतील एखाद्याला आलेख चालू असतांना हातांत कागदी भिंगरी देऊन तीन मिनिटें फुंकर घालावयास सांगावें. भिंगरी एकाएकीं थांबते, मुलाचे डोळे शून्यांत लागतात, आणि कागदावर सेकंदाला तीन या बेतानें टोंक आणि लाट, टोंक आणि लाट अशी नक्षी सर्व रेघांवर एकदम उमटते. दहा-पंधरा सेकंदांनीं भिंगरी पुन्हां फिरूं लागते. मुलाला कांहींच ठाऊक नसतें. गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनीं १९३५ सालीं ओळखलेली ही नक्षी माझ्या डोळ्यांसमोर प्रथम उमटली, तेव्हां त्या मुलाची आई शेजारीं उभी होती. ‘म्हणजे हा मुद्दाम करीत नव्हता?’ एवढेंच ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली.

पण इतकी स्वच्छ साक्ष देणारे आलेख थोडे. बाकीच्यांत आलेख वाचणाऱ्यानें स्वतःला आवरावयाचें असतें. पापणी लवली, दांत आवळले, मान खाजवली, टिकली सैल झाली, तरी लेखणी उड्या मारते. माणूस झोंपेच्या उंबरठ्यावर आला कीं टाळूपाशीं अशा टोंकदार लहरी उठतात कीं, नवशिक्याला त्या अपस्माराच्याच वाटाव्या. शिवाय ज्यांना जन्मांत झटका आला नाहीं अशा निरोगी तरुणांतहि हजारीं सुमारें पांचांच्या आलेखांत खरींखुरीं अपस्मारी टोंकें सांपडतात. आणि उलट खरोखरीचा अपस्मार असलेल्यांपैकीं निम्म्यांच्या पहिल्या आलेखांत कांहींच सांपडत नाहीं. म्हणजे हा साक्षीदार खोटें बोलत नसला, तरी पुष्कळदां भलत्याच प्रश्नाचें उत्तर देतो.

सीमेकडच्या एका खेड्यांतून एक गृहस्थ आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. पिशवींत जुन्या आलेखाची गुंडाळी होती. सहा वर्षांपूर्वीं चैत्र यात्रेंत जोतिबाच्या डोंगरावर दर्शनाच्या रांगेंत, उन्हांत, उपाशीपोटीं ती कोसळली होती. पडण्यापूर्वीं डोळ्यांपुढें अंधेरी आली, घाम सुटला, कान बंद झाले. पडल्यावर हात तीन-चार वेळां झटकले गेले, आणि मिनिटभरांत ती उठून बसून पाणी मागूं लागली. कोणीं तरी नाकाला चप्पल लावलीच होती. पुढें कोठें तरी आलेख निघाला, त्यावर ‘अपस्मारास अनुकूल’ असा शेरा पडला, आणि गोळ्या सुरू झाल्या. सहा वर्षांत पुन्हां कांहीं झालें नव्हतें. तें गोळ्यांमुळें, असें घरच्यांस सांगण्यांत आलें होतें. गोळ्यांनीं हिरड्या मात्र सुजल्या होत्या, आणि मुलगी हंसतांना ओठ मिटून घेत असे. दोन ठिकाणचीं जमलेलीं लग्नें या कागदावरून मोडलीं होतीं.

मीं गुंडाळी उलगडली. ज्या लहरींवर लाल शाईनें खुणा केलेल्या होत्या, त्या टाळूपाशीं उठलेल्या झोंपेच्या लहरी होत्या. परीक्षेच्या वेळीं पोरीला डुलकी लागली होती, एवढेंच तो कागद सांगत होता. डोंगरावर आली होती ती साधी भोवळ. गोळ्या बेताबेतानें उतरवून बंद केल्या. वर्षभरानें गृहस्थ पुन्हां आले आणि म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, मुलीला फिट येत नाहीं आणि येणार नाहीं, असा एक दाखला शिक्क्यानिशीं द्या.’ येथें माझी पंचाईत झाली. येणार नाहीं असें मी कोणाहि माणसाविषयीं, माझ्याविषयींसुद्धां, लिहून देऊं शकत नाहीं. मीं लिहिलें तें इतकेंच कीं, झाली ती भोवळ होती, जुन्या आलेखांत अपस्माराची खूण नाहीं, आणि औषधाची जरूर नाहीं. त्यांना तें अपुरें वाटलें. ‘समोरचे लोक एवढें वाचीत बसत नाहींत हो,’ असें ते म्हणाले, आणि त्यांत खोटें कांहीं नव्हतें.

वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही गोष्ट हिंदु विवाहाच्या कायद्यांत विवाहाला बाधक मानलेली होती. तो उल्लेख १९९९ सालीं वगळण्यांत आला. कायद्यानें आपल्या वहींतून एक ओळ खोडली; बैठकींतल्या सोफ्यावर बसून मुलगी पाहणाऱ्यांच्या वहींत ती अजून तशीच आहे. आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकीं ज्यांना खरोखरच अपस्मार आहे, ज्या गोळीनें उत्तम राहतात, शिकतात, नोकऱ्या करतात, त्यांना मी कसला दाखला देणार? जोतिबाच्या डोंगरावरची मुलगी कागदाच्या चुकींतून सुटली. ज्यांच्या बाबतींत कागद बरोबर असतो, त्यांना सोडविण्याचें सामर्थ्य माझ्या यंत्रांत नाहीं.

सुईची परीक्षा याहून निराळी. तींत डोळ्यांपेक्षां कान अधिक चालतो. निकोप स्नायु सैल सोडला कीं पूर्ण गप्प असतो. ताणला कीं एक एक तंतुगट जागा होत जातो, आणि शेवटीं सगळ्यांचा मिळून असा भरघोस खडखडाट होतो कीं, त्यांतून एकाचा आवाज वेगळा काढतां येत नाहीं. शीर तुटल्यास दोन-तीन आठवड्यांनीं तोच स्नायु स्वस्थ पडला असतांहि बारीक टपटप सुरू करतो. पत्र्यावर वळवाचे पहिले थेंब पडावे तशी. कांहीं आजारांत आवाज वर चढतो आणि लांबत लांबत उतरतो, घाटांतून दूर जाणाऱ्या मोटारसायकलसारखा. एक आवाज तर एकदम सुरू होतो, एकाच ठेक्यांत चालतो आणि एकदम थांबतो. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याला यंत्रासारखा म्हटलें आहे; तो प्रथम ऐकला, तेव्हां आमच्या भिंतीपलीकडचा माग कोणीं तरी चालू करून बंद केला असेंच मला वाटलें.

दहा-बारा वर्षांपूर्वीं असाच एक जॉबर माझ्याकडे आला. त्या वेळीं मी आठवड्यांतून एक दिवस इचलकरंजींत रोगी पाहत असें. जागा मागांच्या वस्तींतच असल्यामुळें आलेखांत शेजारची वीज घुसे, म्हणून मी परीक्षा दुपारच्या जेवणाच्या सुटींत घेत असें. वय पन्नाशीचें, हात काळ्या तेलानें कायमचे रंगलेले. उजव्या हाताच्या आंगठ्याजवळचा उंचवटा बसून गेला होता. पाना निसटतो अशी तक्रार. दुखत नव्हतें, मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता. रोग्याला वाटतें, दुखत नाहीं तें बरें. आम्हांला वाटतें, दुखलें असतें तर बरें. मनगटांत किंवा मानेंत शीर दबली असावी अशी आशा धरून मीं तंतूंचे वेग मोजले. ते ठीक निघाले. मग सुई घेतली. हातांत थेंब वाजत होते. दुसऱ्या हातांत, जो त्याच्या मतें धड होता, तेथेंहि वाजत होते. मांडींत वाजत होते, पाठींत वाजत होते. मज्जारज्जूंतील चालक पेशी एक एक करून मरत जातात असा तो आजार. त्याला थांबविणारें औषध नाहीं.

मीं त्याला हात ताणावयास सांगितलें. ध्वनिक्षेपकांतून ठक्, ठक्, ठक् असा एकाच गटाचा आवाज येऊं लागला. जोरदार, घाईचा आणि एकटा. त्यानें मान तिरकी केली. तशी तिरकी मान मला ओळखीची होती. थोडा वेळ ऐकून तो म्हणाला, ‘डाक्टर, आवाज एकाच मागाचा येतोय. बाकीचं बंद हायत काय?’

यंत्राचा आवाज कमी करण्याची कळ माझ्या डाव्या हाताशीं असते. ती मीं फिरविली. पण ऐकावयाचें तें त्यानें ऐकलें होतें, आणि माझ्या शिक्षकांनीं सहा महिन्यांत मला जें शिकविलें तें त्याला उपजतच येत होतें. मीं सुई काढली, कापूस दाबून धरला आणि म्हटलें, ‘बरेच बंद आहेत.’ ‘नवीन बसत न्हाईत?’ ‘नाहींत.’ मग त्यानें, चालू आहेत ते किती दिवस चालतील, असें विचारलें. दोन-तीन वर्षें, कोणाचीं अधिकहि चालतात, असें मीं सांगितलें. तो उठला, सदरा घालूं लागला; गुंड्या लागेनात, तेव्हां मीं लावून दिल्या. आजाराचें नांव त्यानें त्या दिवशीं विचारलें नाहीं.

तेव्हांपासून ध्वनिक्षेपकाचें तोंड मी रोग्याकडे ठेवीत नाहीं. तरुण सहकाऱ्यांना यांत विशेष वाटत नाहीं. त्यांच्या यंत्रांत आवाजाबरोबर आंकडेहि येतात, आणि आलेखांतील टोंकें हुडकून देणारे संगणक आतां आले आहेत. ते उपयोगी आहेत. रात्रभराचा आलेख माणसानें पानापानानें वाचावा असा हट्ट मी धरणार नाहीं. मात्र संगणकानें खूण केलेली लहर झोंपेची कीं रोगाची, हें ठरवितांना तो डोंगरावरचें ऊन आणि रिकामें पोट विचारांत घेत नाहीं. तें विचारावयास अजून कोणी तरी खुर्ची ओढून रोग्यासमोर बसावें लागतें.

जॉबर दर तीन महिन्यांनीं येत असे. परीक्षेचें कारण उरलें नव्हतें. तो बोलावयास येई. दुसऱ्या वर्षीं त्याचे दोन्ही हात गेले, पाय मात्र चालत होते. त्याच्या धाकट्या मुलानें शाळा सोडून शेडमध्यें काम धरलें होतें, पण त्याला अजून कांहीं येत नव्हतें. एकदां त्या बाजूनें जातांना मीं शेडमध्यें डोकावलों. दारापाशीं लोखंडी खुर्चीवर जॉबर बसला होता. हात मांडीवर ठेवलेले, मान तिरकी. सारे माग एकदम चालू होते, आणि त्यांत माझ्या कानाला कांहीं वेगळें ऐकूं येत नव्हतें. त्यानें हनवटीनें डावीकडे खूण केली. पोरगा पाना घेऊन तिकडे गेला, चौथ्या मागापाशीं थांबला आणि बापाकडे वळून पाहूं लागला. बापानें मान हलविली. तो एक माग पुढें सरकला, तेव्हां बापाची मान थांबली.